कर्जत-खोपोलीच्या मुलाने उन्हाळी क्रिकेट शिबिर कुठे करावं? (भागाचं लिखित रूप)

ऐकलेला भाग आणि हे लिखाण शब्दाला शब्द जुळणार नाही. बोलताना मी बरंच इकडेतिकडे भरकटलो होतो, ते कापलंय. आकडेमोड मात्र लिहिताना वाढवलीय, कारण ती कानाने ऐकून डोक्यात बसत नाही.

प्रश्न आला होता खालापूर तालुक्यातल्या एका दादांचा. मुलगा बारा वर्षांचा, सातवी संपतेय, डावखुरा बॅट्समन. दादांनी चार पर्याय मांडले होते: खोपोलीतच एक शिबिर, बदलापूरला एक, दादरला एक नावाजलेलं, आणि चौथं पिंपरी-चिंचवडला, मेहुण्याकडे राहून. शेवटी लिहिलं होतं, "दादरचं केलं तर पतपेढीतून थोडं कर्ज उचलावं लागेल, पण पोराचं कल्याण होणार असेल तर उचलतो. तुम्ही कॉम्प्युटरवाले, जरा हिशोब करून सांगा."

हिशोब केला. पण चार शिबिरांचा तक्ता मांडायच्या आधी एक नकाशा मांडावा लागतो. तो बहुतेक आईवडिलांना कुणी दाखवत नाही, आणि शिबिरवाले तर नाहीच.

कर्जत लोकलमध्ये बसा आणि कल्याणकडे निघा. भिवपुरी रोड, नेरळ, शेलू, वांगणी, बदलापूर. शेलू रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात. पुढचंच वांगणी ठाणे जिल्ह्यात, अंबरनाथ तालुक्यात. गाडीत बसलेल्याला ही सीमा कळतसुद्धा नाही, तीच लोकल, तीच गर्दी. पण क्रिकेटच्या कागदांवर इथे देश बदलतो म्हटलं तरी चालेल. महाराष्ट्र राज्यात क्रिकेटचे तीन वेगळे संसार आहेत. मुंबई क्रिकेट असोसिएशन, जिच्याकडे मुंबई आणि ठाण्याचा पट्टा आहे. विदर्भाची स्वतःची असोसिएशन. आणि उरलेल्या जिल्ह्यांची महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन, जिचं मुख्य मैदान गहुंज्याला, एक्स्प्रेस वेच्या कडेला. आपली रायगड जिल्हा क्रिकेट असोसिएशन या तिसऱ्या संसारातली. म्हणजे रोज सीएसएमटीला कामाला जाणाऱ्या बापाचा कर्जतचा मुलगा क्रिकेटमध्ये पुण्याकडचा असतो.

दादरच्या किंवा बदलापूरच्या शिबिराला जायला कुणाचीच आडकाठी नाही. पैसे भरले की प्रवेश. शिबिर म्हणजे क्लास, क्लासला हद्द नसते. हद्द येते ती निवडीला. चौदा वर्षांखालचा संघ, सोळा वर्षांखालचा संघ, पुढे बीसीसीआयची विजय मर्चंट ट्रॉफी, ही सगळी निवड असोसिएशनच्या दारातून होते आणि त्या दारात जन्म कुठला, राहता कुठे, शाळा कुठली याचे कागद मागतात. एका हंगामात एकाच असोसिएशनकडून खेळता येतं. बदलायचं तर जुन्या असोसिएशनचं ना हरकत पत्र लागतं.

एक गंमत बघा. शार्दूल ठाकूर पालघरचा. चर्चगेटपासून पालघर साधारण ९० किलोमीटर. कर्जत सीएसएमटीपासून १००. फरक तो काय? पण पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं (वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला), त्यामुळे शार्दूल मुंबईचाच खेळाडू धरला गेला, प्रवास कितीही लांबचा असला तरी. त्याच्याइतकाच प्रवास करणारा कर्जतचा मुलगा तसा आपोआप धरला जात नाही. हे अन्यायाचं आहे की नाही ते बाजूला ठेवा, पण कर्ज उचलण्याआधी माहीत हवं.

आता लोक मला लगेच सांगतात, "अहो, पण सचिनसुद्धा उन्हाळी शिबिरातूनच आला ना?" आला. १९८४ मध्ये अकरा वर्षांच्या सचिनला भाऊ अजित शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या उन्हाळी शिबिरात घेऊन गेला. पण त्यानंतर काय झालं ते आपण विसरतो. सरांच्या सांगण्यावरून त्याची शाळा बदलली. वांद्र्याच्या शाळेतून दादरच्या शारदाश्रममध्ये आणलं, कारण शारदाश्रम हॅरिस शिल्ड आणि जाइल्स शिल्ड खेळायची. विनोद कांबळीबरोबरची ६६४ धावांची भागीदारी फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्डमध्ये, शाळेच्या सामन्यात झाली.

रोहित शर्माचंही तेच. १९९९ मध्ये काकांच्या पैशांतून एका शिबिरात गेला. तिथे दिनेश लाड सरांनी पाहिलं आणि बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत यायला सांगितलं. घरी फी परवडणारी नव्हती, तर सरांनी सवलत मिळवून दिली. शार्दूलही त्याच शाळेत गेला, आणि रोज पालघरहून येणं झेपणार नाही म्हणून लाड सरांच्या घरीच राहिला. तिघांच्याही गोष्टीत शिबिर किंवा सरांची नजर हा उंबरठा होता आणि घर म्हणजे शाळा. एका महिन्याच्या शिबिराने कुणाचंही आयुष्य बदललं नाही. शिबिरानंतर शाळेचा पत्ता बदलला आणि त्या शाळेने पुढची काही वर्षं भरपूर सामने दिले.

म्हणून दादांना मी पहिला प्रश्न उलटा विचारला: दादरचं शिबिर केलं आणि सर म्हणाले, पोरगा चांगला आहे, जूनपासून इकडच्या शाळेत टाका, तर तुम्ही टाकणार आहात का? कुणाकडे राहील? उत्तर "नाही" असेल तर दादरच्या शिबिराची किंमत निम्म्याने कमी होते. आणि "हो" असेल तर पतपेढीचं कर्ज एका महिन्यासाठी काढून भागणार नाही, तो काही वर्षांचा खर्च आहे, तसाच मांडायला हवा.

आता शिबिरांची तुलना. इथे आईवडील बघतात कोचचं नाव, भिंतीवरचे फोटो आणि फी. मी एकच आकडा आधी बघतो: एका नेटमागे पोरं किती.

समजा शिबिरात ४० मुलं, ३ नेट, सराव २ तासांचा. ३ नेटची मिळून ३६० मिनिटं होतात. भागिले ४०, म्हणजे प्रत्येकाला बॅटिंगची ९ मिनिटं. अर्ध्या मिनिटाला एक चेंडू धरला तर १८ चेंडू. तीन ओव्हर! आता दुसरं, लहानसं शिबिर घ्या: १२ मुलं, २ नेट, दीड तास. १८० भागिले १२, म्हणजे १५ मिनिटं, ३० चेंडू. आणि छोटं म्हणजे चांगलंच असंही नाही. तीच १२ मुलं एका नेटवर असतील तर साडेसात मिनिटंच येतात, मोठ्या शिबिरापेक्षाही कमी. त्यामुळे "आमच्याकडे पर्सनल अटेन्शन आहे" हे वाक्य ऐकलं की शांतपणे विचारा, नेट किती आणि पोरं किती.

त्यावर प्रवास चढवा. कर्जत ते दादर जाऊन-येऊन चार तास धरा. खोपोलीचा असेल तर आधी पळसदरीच्या फाट्याने कर्जतला यायचं, त्या एकेरी मार्गावर गाड्या मोजक्याच, म्हणजे पाच तासांच्या पुढे. किटबॅग घेऊन. पहाटे उठून. सकाळी सातचा सराव असेल तर पोरगा मैदानावर पोचतो तेव्हाच थकलेला असतो, आणि परत येतो तेव्हा कर्जतचं ऊन चाळिशीला टेकलेलं असतं. चार-पाच तासांच्या प्रवासासाठी ९ मिनिटं बॅटिंग. रोज जाऊन-येऊन दादर, या पर्यायावर मी सरळ काट मारतो. राहायची सोय असेल तरच तो पर्याय पर्याय आहे.

बदलापूर-कल्याण मात्र विचार करण्यासारखं. कर्जतहून प्रवास झेपतो आणि त्या पट्ट्यातलं शालेय क्रिकेट कमी दर्जाचं नाही. जानेवारी २०१६ मध्ये प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या त्या कल्याणमध्येच, भंडारी कपच्या आंतरशालेय सामन्यात. रिक्षाचालकाचा मुलगा, जगभर बातमी झाली. त्या एका डावाने पुढची वाट सोपी झाली नाही हेही खरं, पण मुद्दा असा की लाइनच्या या टोकालाही पोरं खेळतात, सामने होतात. ठाणे जिल्ह्यातल्या शाळेत घालायचा विचार असेल तर हाच टप्पा घरून जाऊन-येऊन जमण्यासारखा आहे. मात्र राहणं रायगडमध्ये आणि शाळा ठाण्यात, अशा मुलाला कुठली असोसिएशन आपला मानते, हे कोचच्या तोंडी शब्दावर सोडू नका. असोसिएशनकडे मेल करा, उत्तर लेखी घ्या, जपून ठेवा. नियम बदलत राहतात.

चौथा पर्याय दादांनी शेवटी लिहिला होता, मेहुण्याकडचा. मला तोच सगळ्यात रंजक वाटला. आपल्याकडे सगळ्यांचं तोंड मुंबईकडे, कारण लोकल तिकडे जाते. पण खोपोलीहून घाट चढला की आपण आपल्याच असोसिएशनच्या अंगणात उतरतो. थेरगावला पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या मैदानावर वेंगसरकर अकॅडमी आहे. ऋतुराज गायकवाड तिथला, शाळकरी वयात दाखल झाला आणि महाराष्ट्राकडून खेळून भारतीय संघात गेला. पुण्याकडचा अनुभव, पुण्याकडचे सामने आणि कागद रायगडचे, यात काहीच भांडण नाही. पोरगा सुट्टीत तिकडे तयार होईल आणि निवड चाचणी आपल्या जिल्ह्याची देईल.

"पण महाराष्ट्र म्हणजे मुंबईपेक्षा खालचं ना?" हा प्रश्न मला हमखास येतो. रणजी करंडकांची संख्या बघितली तर मुंबई ४२, महाराष्ट्र २, आणि ते दोन्ही १९४०-४१ पर्यंतचे. मान्य. पण तुमचा पोरगा करंडक मोजायला जात नाहीये, तो अकरात जागा शोधतोय. शिवाजी पार्क, आझाद मैदान, क्रॉस मैदान इथून येणाऱ्या शेकडो मुलांच्या रांगेत उभं राहायचं की रायगड जिल्ह्याच्या रांगेत, हा सरळ हिशोब आहे. सांगलीच्या स्मृती मानधनाला नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालच्या संघात घेतलं होतं. तिला कुणी मुंबईला हलवलं नव्हतं. तिकडे विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ ला रणजी जिंकून दाखवली. आणि २०२५ मध्ये पृथ्वी शॉसारखा, हॅरिस शिल्डमध्ये ५४६ मारलेला अस्सल मुंबईकर, महाराष्ट्राकडे आला. वाट दोन्ही बाजूंनी चालते.

मुलींच्या बाबतीत तर मी जास्तच ठाम आहे. २ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर भारताने महिलांचा विश्वचषक जिंकला, त्यानंतर आपल्याकडे "मुलींसाठी आहे का कुठे?" असे मेसेज वाढलेत. मुलगी असेल तर जवळचं शिबिर घ्या, मुलांबरोबर नेट करू द्या, आणि जिल्ह्याच्या निवड चाचणीची तारीख चुकवू नका. प्रवासातच दमून खेळ सोडलेल्या मुली मी पाहिल्यात.

जाता जाता अमेरिकेचं. टेक्सासला माझी मावसबहीण असते, तिचा मुलगा बेसबॉल खेळतो, आणि तिची डोकेदुखी ऐकून मला हसू आलं, कारण ती आपलीच. तिकडे लिटिल लीग म्हणून मुलांचं बेसबॉल आहे, १९३९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला सुरू झालेलं. प्रत्येक लीगची हद्द नकाशावर आखलेली, मूल त्या हद्दीत राहत असेल किंवा तिथल्या शाळेत जात असेल तरच खेळणार. आणि त्याला समांतर आहेत "सिलेक्ट" किंवा "ट्रॅव्हल" संघ. चाचणी देऊन निवडलेले, हद्द न मानणारे, जबर फीचे, उन्हाळाभर शनिवार-रविवार गावोगाव सामने खेळणारे. तिचा प्रश्न होता की दहा वर्षांच्या पोरासाठी एवढा खर्च करावा का. एक गोष्ट मात्र तिकडची घ्यावीशी वाटते. तिथले आईवडील पहिल्यांदा विचारतात, उन्हाळ्यात सामने किती खेळणार? आपण विचारतो, कोच कोण?

तर सामने. महिनाभर नुसती नेट आणि शेवटच्या रविवारी एक सामना, वर मेडल आणि फोटो, असं शिबिर असेल तर मी नाव खाली टाकतो. सामना किती ओव्हरचा, कुठल्या चेंडूने, कुठल्या विकेटवर, हे विचारा. आणि "टर्फ" या शब्दाला फसू नका! आपल्याकडे हल्ली जाळीतल्या हिरव्या प्लास्टिक गवताला सगळे टर्फ म्हणतात, संध्याकाळी तासावर बुक करून ऑफिसवाले खेळतात ते. क्रिकेटमध्ये टर्फ विकेट म्हणजे मातीची, रोलर फिरवलेली खेळपट्टी. मधला प्रकार सिमेंटवर अंथरलेलं मॅटिंग. तिन्हींवर चेंडू वेगळा उडतो. जाहिरातीत टर्फ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, एकदा जाऊन पायाने दाबून बघा.

अजून एक युक्ती, ही खास आमच्या धंद्यातली. क्रिकहिरोज ॲपवर अकॅडमीचं नाव टाका. गेल्या वर्षभरात तिच्या संघाने १४ वर्षांखालचे किती सामने खेळले, आणि त्यात तीच अकरा पोरं सारखी खेळलीत की सगळ्यांना फिरवलंय, हे बरंचसं दिसतं. पत्रकावर काहीही छापता येतं, स्कोअरकार्ड वर्षभर खोटं लिहीत बसायला कुणाला वेळ नसतो.

टेनिस बॉलचं काय, हाही प्रश्न होता. आपल्या गावागावांत रात्रीच्या उजेडात टेनिसच्या स्पर्धा होतात, ढाल, रोख बक्षीस, कॉमेंट्री, सगळं. चौदा वर्षांचा पोरगा तिथे दोन सिक्स मारतो आणि गाव म्हणतं याला मुंबईला पाठवा. मी टेनिसला नावं ठेवणारा नाही. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर आयएसपीएल सुरू झाल्यापासून टेनिसवाल्याला वेगळी वाट आहे. पण टेनिसचा चेंडू उसळतो जास्त, स्विंग होत नाही तसा, आणि बॅट आडवी फिरवायची सवय लागते. सीझन बॉलची निवड चाचणी डोक्यात असेल तर मार्च ते मे सीझन बॉलच. गावच्या स्पर्धा बघायला जाऊ द्या, बंदी घातली तर तो चोरून खेळेल.

आणि जूनचं विसरू नका. आपल्याकडे पाऊस लागला की मैदानं ऑक्टोबरपर्यंत गेली. मुंबईत १९४८ पासून कांगा लीग भर पावसात चालते, पण ती क्लबची. आपल्या पोराचं मे महिन्यात शिकलेलं चार महिन्यांत वाहून जातं. म्हणून शिबिरवाल्याला विचारा, पावसाळ्यात काय? छपराखाली एक नेट, आठवड्यातून दोन दिवस, एवढं जरी असलं तरी ते शिबिर महागड्या शिबिराच्या वर टाकतो मी. खोपोलीतल्या शिबिराला माझ्याकडून यासाठीच जास्त गुण पडले: वर्षभर चालणारं, घरापासून सायकलवर, कोच रायगडच्या निवड चाचण्यांना पोरं नेणारे.

शाळेतल्या पीटीच्या सरांनाही भेटा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात, तालुका, जिल्हा, मग विभाग. ही असोसिएशनपेक्षा वेगळी शिडी आहे, आणि वरपर्यंत गेल्यास दहावी-बारावीला सवलतीचे गुणही मिळतात. याच यादीत सॉफ्टबॉल, बेसबॉलही आहेत, आणि तिथे गर्दी क्रिकेटच्या मानाने फारच कमी. डावखुऱ्या पोराचा हात चांगला असेल तर एकदा विचारून बघायला काय जातं?

दादांना मी शेवटी हे लिहून पाठवलं: कर्ज काढू नका. एप्रिलच्या परीक्षा संपल्या की तीन आठवडे मेहुण्याकडे पाठवा, तिकडच्या शिबिरात सामने किती ते आधी विचारून. जूनपासून खोपोली. वाचलेल्या पैशांतून चांगलं हेल्मेट आणि मापाची बॅट घ्या, "पुढच्या वर्षीही चालेल" म्हणून मोठी नको. आणि कागदांची फाइल आत्ताच करा: जन्मदाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड, तिन्हींवर नाव आणि तारीख सारखी. बीसीसीआय १६ वर्षांखालच्या मुलांची टीडब्ल्यू३ पद्धतीने हाडांची चाचणी करते, डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून. शाळेत घालताना वय दोन-चार महिने इकडेतिकडे लिहिलं असेल तर ते त्या वेळी नडतं, आणि दुरुस्तीला तहसील कार्यालयात किती फेऱ्या होतात हे खालापूरकरांना मी सांगायला नको.

दादांचं उत्तर आलं: जन्मदाखल्यावर आईचं नाव वेगळं पडलंय, सोमवारी जातोय.